पिलाची जात

भिवंडीनजीक पूर्णा गांवीं गोदामांपुढें मालमोटारींच्या चाकांखालीं सांपडण्यापूर्वीं उचललेलें कुत्र्याचें संकरज पिलूं घरीं न्या असें म्हणावें, तों आमचे सुशिक्षित बंधू पहिला प्रश्न करितात, "जात कोणती?" वधूवरांचीं कुळें शोधण्याची खोड श्वानांपर्यंत पोंचली म्हणावयाची! ज्या शुद्ध जातींचें एवढें स्तोम, त्यांच्या वंशावळी राखणारा लंडनचा केनेल क्लबच मुळीं 1873 सालचा. रूपाच्या हौसेनें पगचें नाक इतकें आंखूड केलें कीं त्यास श्वास जड झाला. आणि सैबेरियाच्या बर्फांत गाड्या ओढणारा हस्की भिवंडीच्या उन्हांत धापा टाकूं लागला. पैसे मोजून हें दुखणें विकत घेणारा गृहस्थ देव्हाऱ्यांतील दत्तगुरूंच्या चार श्वानांची जात मात्र विचारीत नाहीं!

पिसाळण्याचें भय खरें. पण त्यावर लस आहे. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास ती टोंचावी व पुढें वैद्य सांगेल तशी पुन्हा टोंचीत जावें. 2023 च्या नियमांनीं भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण हें स्थानिक संस्थांचें काम ठरविलें आहे, तें त्यांच्याकडून करून घ्यावेंच. परंतु सरकारी गाडी रडणारें पिलूं रात्रीं जवळ घेत नाहीं. त्यास, आम्ही म्हणतों, घरांतील एक जुनी चटई आणि कोणाची तरी पहांटेची झोंप लागते.