रस्ता कोणासाठी? अमरावती-अकोल्याच्या गल्ल्यांवरील एक खोटा आरोप

१/ ३ जून २०२२ च्या सकाळी अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर डांबरीकरण सुरू झाले, ते ७ जूनच्या सायंकाळी थांबले. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीची सलग मार्गिका तयार झाली. दोह्याचा २५.२७५ किलोमीटरचा विक्रम मोडला आणि वऱ्हाडाचे नाव गिनीज बुकात गेले. अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट.

२/ या महामार्गावरून दोन्ही शहरांत शिरले, की मात्र अभिमानाची जागा तक्रार घेते. 'जुन्या लोकांना नियोजन कळत नव्हते, म्हणून गल्ल्या अरुंद राहिल्या. त्या रुंद केल्याखेरीज शहर सुधारणार नाही,' हे वाक्य चहाच्या टपरीपासून प्रचारसभेपर्यंत सर्वत्र ऐकू येते. ते इतिहास म्हणून सांगितले जाते. इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही.

३/ प्रथम अमरावती. येथील परकोट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, निजामाच्या राजवटीत, पेंढाऱ्यांपासून धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून उभारला गेला. परीघ सव्वादोन मैल, उंची २० ते २६ फूट, पाच वेशी आणि चार खिडक्या. अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावे आजही रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत.

४/ आता साधा हिशेब करावा. सव्वादोन मैल म्हणजे सुमारे ३.६ किलोमीटर. एवढ्या परिघात फार तर एक चौरस किलोमीटर जागा मावते. तेवढ्यात पेढ्या, कोठारे, देवळे, मशिदी, विहिरी आणि माणसे बसवायची होती. भिंतीबाहेर लुटारू होते. अशा स्थितीत ऐसपैस रस्ते काढणे हेच अडाणीपणाचे ठरले असते. गल्लीची अरुंदी ही सुरक्षिततेची किंमत होती आणि ती जाणूनबुजून मोजली गेली.

५/ दुसरे कारण आकाशात आहे. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे नवलाचे नाही. समोरासमोरच्या दुमजली घरांमधील गल्लीत दिवसाचा बराच काळ एका बाजूस तरी सावली असते. झाडे तोडून रुंद केलेल्या डांबरी रस्त्यावर दुपारी दोन वाजता उभे राहून पाहावे; मग कोणाला नियोजन कळत होते, हा प्रश्न पुन्हा विचारावा.

६/ तिसरा मुद्दा वेगाचा. परकोटाच्या आत दुचाकीस्वाराला ताशी १५-२० किलोमीटरच्या पुढे जाता येत नाही. वेसच गतिरोधक बनते. त्याला ही अडचण वाटते. ओट्यावर बसलेल्या आजीला आणि दारात खेळणाऱ्या नातवाला मात्र तेच अभय असते. ताशी ३० किलोमीटरने धडक बसलेला पादचारी बहुधा वाचतो. वेग ५०-६० च्या घरात गेला, की वाचण्याची आशा झपाट्याने मावळते.

७/ मग रुंद रस्ते आले कोठून? उत्तर कापसात आहे. आगगाडीपूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदी कापसाकडे वळवले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला.

८/ या मार्गाने दोन्ही शहरांचे नशीब बदलले. अकोला मुख्य मार्गावर आले. अमरावती बाजूला पडली आणि बडनेऱ्याहून तिच्यासाठी वेगळा फाटा काढावा लागला. कापसाच्या गाड्या, जिनिंग, प्रेस आणि मालधक्का यांना जोडणारे रस्ते रुंद झाले, कारण बैलगाडीला वळण्यासाठी जागा हवी होती. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने या बाजारांना कायदेशीर चौकटही दिली.

९/ रुंदीचा दुसरा उगम सत्तेत आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. त्यांनी जुन्या वस्तीत घर केले नाही. अमरावतीत परकोटापासून दूर कॅम्प वसला. अकोल्यात जुने शहर मोर्णेच्या पश्चिम काठावर राहिले आणि कचेऱ्या व बंगले पूर्वेकडील ताजनापेठेच्या बाजूस उभे राहिले. तेथील प्रशस्तपणा हा अंतर राखण्याचा प्रकार होता.

१०/ योगायोग असा, की त्याच १८५३ साली पॅरिसमध्ये ओस्मान या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. त्याने जुनी वस्ती चिरत भव्य रस्ते काढले. त्यांची छायाचित्रे आज सर्वांना मोहवतात. त्या रस्त्यांखाली ज्यांची घरे गेली, ते गरीब भाडेकरू शहराच्या कडेला फेकले गेले. त्यांचे छायाचित्र कोणी भिंतीवर लावत नाही.

११/ तात्पर्य, कॅम्पचा रस्ता साहेबासाठी, स्टेशनचा रस्ता गाठोड्यासाठी, महामार्ग ट्रकसाठी आणि दोन्ही शहरांच्या मध्यावरून गेलेले उड्डाणपूल शहर ओलांडणाऱ्यांसाठी झाले. हे सर्व आवश्यकही असेल. पण राहणाऱ्याच्या गरजेतून घडली ती गल्लीच, आणि आज मागास ठरवली जाते तीही गल्लीच.

१२/ येथे प्रामाणिक आक्षेप दोन. पहिला असा, की जुनी गल्ली स्वर्ग नव्हती. मान्य. मोहल्ले आणि पुरे जातिधर्मानुसार वाटलेले होते; पाणवठेही वाटलेले होते. अमरावतीच्या खुनारी खिडकीचे नाव मोहरमच्या वेळी झालेल्या दंगलीत सुमारे ७०० माणसे मारली गेल्यावरून पडले, असे गॅझेटियर सांगते. या भूतकाळाची आरती ओवाळण्याचे कारण नाही. मात्र ते पाप माणसांचे होते. गल्लीच्या रुंदीशी त्याचा संबंध नव्हता.

१३/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आग लागली किंवा कोणास झटका आला, तर बंब आणि रुग्णवाहिका आत कशा येणार? यावर उपाय आहेत: लहान बंब, ठरावीक अंतरावर पाण्याचे नळखांब, लोंबत्या तारा जमिनीखाली, उघड्या गटारांवर झाकण आणि वाहनतळ वेशीबाहेर. रुग्णवाहिकेची वाट बहुधा भिंतीमुळे अडत नाही; ती भिंतीला टेकवून ठेवलेल्या चारचाकीमुळे अडते.

१४/ रुंदीकरणाचा अनुभव काय सांगतो? प्रथम ओटा जातो, मग ओसरी, मग दर्शनी भिंत. फेरीवाला हटवला जातो. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे रक्षण करणारा २०१४ चा कायदा तेव्हा कोणास आठवत नाही. मिळालेल्या जागेत लवकरच दुतर्फा वाहने उभी राहतात आणि रस्ता पूर्वीइतकाच अरुंद होतो. फरक एवढाच, की सावली आणि शेजार दोन्ही गेलेले असतात.

१५/ अहमदाबादच्या पोळीही अशाच अरुंद आहेत. २०१७ मध्ये त्या जुन्या नगराला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तेथील अडचणी संपल्या असे नाही. परंतु गल्ली ही चूक नसून ठेवा आहे, हे आधी मान्य झाले. अमरावती १९८३ मध्ये आणि अकोला २००१ मध्ये महानगरपालिका झाले. त्यांनी ही मान्यता आपल्या परकोटाला आणि वेशींना अजून मनापासून दिलेली नाही.

१६/ श्रावणातल्या अखेरच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन हजारो कावडधारी पायी अकोल्यात येतात आणि जुन्या शहरातील राजराजेश्वराला जलाभिषेक करतात. त्या दिवशी वाहने थांबतात, घराघरांतून पाणी व फराळ पुढे येतो आणि रस्ता चालणाऱ्यांचा होतो. रस्त्यावर पहिला हक्क कोणाचा, हे अकोलेकरांना शिकवावे लागत नाही. वर्षाचे उरलेले दिवस ते विसरले जाते, इतकेच.

१७/ म्हणून जुन्या वेशीचे छायाचित्र टाकून खाली 'किती अरुंद!' असे लिहिण्यापूर्वी तरुण इतिहासप्रेमींनी एक प्रश्न विचारावा: हा रस्ता कोणासाठी बांधला गेला, आणि तो रुंद झाल्यास कोणाचा ओटा जाईल? ७५ किलोमीटर डांबर पाच दिवसांत पडू शकते. दीडशे वर्षांचा शेजार पाच दिवसांत उभा राहत नाही. मतभेद असल्यास पुराव्यासह मांडावा. त्यानेच हा विषय पुढे जाईल.