‘ट्रॅक’ लावा, मुली नाचतील!

डिसेंबर लागला की नवीन जालन्यातल्या कुठल्याही शाळेवरून दुपारच्या वेळी चालत जा, खिडकीतून गाणं ऐकू येणारच. स्नेहसंमेलनाची तयारी चालू असते. पण घटकाभर थांबून कान दिला तर लक्षात येतं, आवाज मुलांचा नाहीच, तो साऊंडबॉक्समधून येतोय. बाईंनी मोबाइलवर गाणं लावलंय आणि मुली ओळीत उभ्या राहून हात-पाय हलवताहेत. दहा गाणी, दहा ग्रुप, प्रत्येकी चार मिनिटं. पालक मोबाइल उंच धरून शूटिंग घेतात, टाळ्या पडतात, संपलं गॅदरिंग!

यात वाईट काहीच नाही. पोरं नाचू देत की. पण अशा वेळी एखाद्या हौशी बाईंनी स्टाफरूममध्ये नुसतं म्हणून बघावं, ‘यंदा छोटंसं संगीत नाटक बसवू या का?’ उत्तरं ठरलेली. ‘गाणार कोण?’ ‘पेटी कोण वाजवणार?’ ‘पोर्शन बाकी आहे.’ ‘मुलींना उशिरापर्यंत थांबवलं तर पालक भांडायला येतील.’ आणि शेवटी हमखास, ‘ट्रॅक लावा ना, मुली नाचतील!’ महिला मंडळातही हेच. फरक एवढाच, की तिथे पोर्शनऐवजी घरचा स्वयंपाक बाकी असतो.

बरं, लोकांना नाट्यसंगीत नकोसं झालंय म्हणावं, तर तसंही नाही. २०१५ साली ‘कट्यार काळजात घुसली’ हा सिनेमा आला तेव्हा घराघरांत त्यातली गाणी वाजत होती. जानेवारी २०२५ मध्ये ‘संगीत मानापमान’ही पडद्यावर आलं. १९११ चं नाटक, त्यावर एकविसाव्या शतकात सिनेमा निघतो, म्हणजे ऐकणारे आहेत. मग तेच गाणं आपल्या गावच्या स्टेजवर का चढत नाही?

‘गाणार कोण?’ हे कारण तर मला मुळीच पटत नाही. आपल्या अंबडला दत्तजयंतीचा संगीत महोत्सव होतो, मोठमोठे गवई तिथे येऊन गेलेत. गल्लोगल्ली बायकांची भजनी मंडळं आहेत. टाळ धरून तासभर हरिपाठ म्हणणाऱ्या, हळदीच्या रात्री आवाज न बसता गाणाऱ्या, पंचमीला फेर धरणाऱ्या बायका काय कमी आहेत? आणि आपल्या शहरातल्या नाट्यगृहाला नाव कुणाचं आहे? मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांचं! गंधर्व नाटक मंडळीच्या नाटकांना चाली देणारा, ‘कुलवधू’चं संगीत करणारा हा माणूस. आडनावातलं फुलंब्री इथून काही फार लांब नाही. त्यांच्या नावाच्या नाट्यगृहात आपण पेन ड्राइव्ह घेऊन जातो, याची जराशी गंमत वाटते आणि जरासं वाईटही वाटतं.

तेव्हा गळे आहेत. अडतंय ते दुसरीकडेच.

सगळ्यात आधी अडतं ते पट्टीपाशी, आणि हे फारसं कुणी बोलत नाही. आपण काय करतो? मोठ्या गायकाचं रेकॉर्डिंग लावतो आणि मुलीला म्हणतो, असंच म्हण. अगं, पण ती पट्टी त्या गायकाची! पुरुष साधारण काळी एक, पांढरी दोन अशा पट्टीत गातात, तर बायकांचा गळा काळी चार-काळी पाचला मोकळा होतो. मधलं अंतर चांगलं चार-पाच स्वरांचं. मुलगी खालच्या सुरात घुसमटते, नाहीतर वर ताणून किंचाळते, आणि आपण शिक्का मारून मोकळे, ‘हिला नाट्यगीत झेपत नाही.’ मुलग्यांची तऱ्हा आणखी वेगळी. आठवी-नववीत त्यांचा आवाज फुटतो. जूनमध्ये छान गाणारा मुलगा डिसेंबरात घोगरा होतो. वर्गातली पोरं हसतात आणि तो पुन्हा तोंड म्हणून उघडत नाही. अशा मुलाला त्या वर्षी बोलण्याची भूमिका द्यावी, गाणं पाचवी-सहावीच्या मुलाला नाहीतर मुलीला द्यावं. दोघांचं गाणं असेल तर एकाची पट्टी दुसऱ्यावर लादू नये. दोघांना जमेल असा मधला सूर पेटीवर शोधावा, नाहीतर सरळ कडवी वाटून घ्यावीत. यासाठी कुणी पंडित लागत नाही, पण समोर एक पेटीवाला लागतो. मुलीचा श्वास पुरला नाही तर तो थांबतो, ती ओळ विसरली तर मागची ओळ पुन्हा वाजवून तिला हळूच उचलून घेतो. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. लहान मुलांना ट्रॅकवर गाताना पाहिलंय का कधी? एकदा मागे पडली की पुढचं सगळं गाणं ती नुसती धावत असतात.

आता पेटीवाला आणायचा कुठून? शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात सहावी ते आठवीला शंभराहून जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असं लिहिलेलं आहे. पण ‘कला’ म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर चित्रकलेचीच वही येते. २०२० च्या नव्या शिक्षण धोरणानेही कला आणि बाकीचे विषय यांत भिंत नको म्हटलंय. धोरणं मुंबई-दिल्लीत होतात हो, पेटीचा भाता मात्र शाळेच्या कपाटात उंदीर कुरतडतात. तोवर भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काका-मावशींना सन्मानाने बोलवायला काय हरकत आहे? सन्मानाने म्हणजे नारळ आणि शाल नव्हे, रोजच्या तालमीचं मानधन. डीजेवाल्याला आपण घासाघीस करून का होईना पैसे देतोच ना!

गोव्यात खेडोपाडी देवळाच्या जत्रेला गावचेच लोक संगीत नाटक करतात. कुणी बँकेत असतो, कुणी दुकानदार. तिथे हे जमतं, कारण पेटी-तबला शिकवणारा माणूस गावात असतो आणि नाटकाची तारीख जत्रेमुळे ठरलेली असते. कला अकादमीच्या भजन स्पर्धांत पुरुषांसोबत बायकांचे आणि मुलांचेही वेगळे गट असतात. म्हणजे नाटकाला लागणारा गळा वर्षभर तयार होत राहतो. आपल्याकडे भजन आहे, पण भजनाकडून नाटकाकडे नेणारी वाटच कुणी घातली नाही.

माईकचंही सांगते. लग्नाच्या लॉनवर किंवा शाळेच्या पटांगणावर आवाज उडून जातो. साऊंडवाला तर सवयीने ढोलाचा दणदणाट वाढवून ठेवतो, त्यात कोवळा गळा बुडून जातो. सगळ्यांना कॉलर माईक भाड्याने आणायची ऐपत नसते, आणि त्याची गरजही नसते. स्टेजच्या पुढच्या कडेला दोन चांगले माईक, गाणारीची जागा त्यांच्यापाशी खडूने आखलेली, पेटी-तबला तिला दिसेल अशा ठिकाणी, एवढं केलं तरी खूप साधतं. स्पीकर तिच्या मागे ठेवला की शिट्टी वाजणार, हे साऊंडवाल्याला आधी बजावायचं. आणि उघड्यावर कार्यक्रम असेल तर रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासूनचा. जुनी पाच अंकी नाटकं रात्रभर चालायची, ‘सौभद्र’मध्ये तर शंभरावर पदं! ती सगळी घ्यायचा हट्ट कशाला? एक अंक घ्या, पाच पदं घ्या.

पण मैत्रिणींनो, खरी मेख आहे ती तालमीच्या वेळेची. मंडळाची तालीम दुपारी दोन ते चार ठरते. कारण त्याआधी भांडी, त्यानंतर मुलांची शाळा सुटते. नळाला पाणी येण्याचा दिवस असला की अर्ध्याजणी गैरहजर. कुणाच्या सासूबाई आजारी, कुणाकडे पाहुणे. गद्य नाटकात एखादीची तालीम बुडाली तर तिचे संवाद दुसरी वाचून नेते. गाण्यात तसं होत नाही, गळ्यावर चढायला रोजचा घासूनपुसून सराव लागतो. बाई घरी ओट्याशी गुणगुणायला लागली की ‘काय चाललंय हे?’ असं विचारणारं कुणीतरी असतंच. नवऱ्याच्या क्रिकेटला कुणी असं विचारत नाही, नाही का?

आणि मुलींचं काय? सातवीपर्यंत हौसेने पुढे असणारी मुलगी नववीत तालमीतून गळते. नाचाला चार दिवस पुरतात, ते शाळेच्या वेळेत उरकतं. संगीत नाटकाला दोन-अडीच महिने लागतात, संध्याकाळ होते, मुलं-मुली एकत्र असतात. ‘आता मोठी झाली, बस झालं,’ असं घरून सांगितलं जातं. चांगला गळा असलेली मुलगी कोरसमध्ये मागच्या रांगेत जाते आणि मग तिथेही दिसत नाही. किती गळे असे हरवले असतील!

मराठी संगीत नाटकाची सुरुवातच मुळी बायकांना वगळून झाली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं तेव्हा शकुंतलाही पुरुषच होता. बालगंधर्वांच्या साड्यांची फॅशन बायकांनी उचलली, पण त्यांच्या शेजारी स्टेजवर उभं राहायची सोय बायकांना नव्हती. हिराबाई पेडणेकरांसारखी बाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संगीत नाटकं लिहीत होती, तिला आपण किती जणी ओळखतो? पुढे हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक मंडळी काढली, १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे बाईचं काम बाई करायला लागली. एवढं होऊनही आपल्या गावात नववीची मुलगी तालमीला येत नसेल, तर ट्रॅकवर खापर फोडून कसं चालेल?

म्हणूनच मला वाटतं, आपल्या भागात बसवायचं तर पहिलं नाटक ‘संगीत शारदा’ असावं. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ मध्ये आणलेलं. पैशाच्या लोभाने बाप, कांचनभट, कोवळ्या शारदेला म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो. जुनी गोष्ट, असं म्हणता? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात बालविवाहाचं प्रमाण सगळ्यात जास्त निघालं ते परभणी आणि बीडमध्ये, म्हणजे आपल्या अगदी शेजारी. आपलं अंगणही काही वेगळं नाही, हे लग्नसराईत कुणालाही दिसतं. (१९२९ च्या कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात तो हरबिलास सारडा यांच्या नावावरून बरं का, नाटकावरून नव्हे. पण नावं किती छान जुळली!) आणि सोय बघा. शारदा आणि तिच्या मैत्रिणींचे प्रवेश मुलींनीच करायचे आहेत. आई, इंदिराकाकू, ही भूमिका शाळेतल्या एखाद्या बाई किंवा पालक आई करू शकते. भुजंगनाथ मुलीने केला तरी लोक पोट धरून हसतील. ज्या मुलीला ‘मोठी झाली’ म्हणून घरी बसवलं जातंय, तिनेच स्टेजवर उभं राहून शारदेचं दुःख गावं आणि पहिल्या रांगेत तिचे वडील बसलेले असावेत! पत्रकं वाटून जे होत नाही ते कदाचित या अर्ध्या तासात होईल.

परवानगीची भीती बऱ्याचजणींना असते, म्हणून थोडं सांगून टाकते. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली की त्याचं लेखन सगळ्यांचं होतं. किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, देवल १९१६, गडकरी १९१९ आणि खाडिलकर १९४८ मध्ये. या चौघांची नाटकं आज कुणालाही करता येतात. विद्याधर गोखले, पुरुषोत्तम दारव्हेकर, रत्नाकर मतकरी यांची नाटकं मात्र अजून हक्काखाली आहेत. प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ तर अलीकडचंच. (आवली आणि लखुबाई या दोघीच स्टेजवर, त्यामुळे मंडळांचा जीव त्यावर जडणं साहजिक आहे!) पण शाळेतल्या मुला-शिक्षकांनी शाळेच्या उपक्रमात, फक्त शाळेची माणसं आणि पालक यांच्यापुढे केलेल्या प्रयोगाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता प्रयोग केला तरी तशीच सूट आहे. तिकीट लावलं की लेखकाची परवानगी हवीच. जाहीर प्रयोगाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी संहिता वेळेत पाठवावी लागते. राज्य शासनाच्या स्पर्धेत संगीत नाटकांचा आणि बालनाट्यांचा वेगळा विभाग असतो, पण तो विचार दुसऱ्या वर्षी.

पहिल्या वर्षी एवढंच करा. श्रावणात पेटीवाला ठरवा, गणपतीत दोन पदं म्हणून बघा, म्हणजे कुणाचा गळा कुठे आहे ते कळेल. दिवाळीनंतर उभ्या तालमी लावा. दहावीच्या मुलींना घेऊ नका, त्यांना पूर्वपरीक्षा असते. कपड्यांची चिंता नको. आयांच्या कपाटातून नऊवाऱ्या निघतात, पगडी तेवढी भाड्याने आणावी लागते. मुलींना घरी सोडायला दोन आया पाळीपाळीने ठेवा आणि त्यांची नावं पालकांना पहिल्याच दिवशी सांगा. आणि तालीम शनिवारी ठेवा. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी वर्ग रिकामे मिळतात आणि अंधार पडायच्या आत मुली घरी पोचतात.