'ओपन' ही कुणाची जात नाही!

दादर-परळच्या अभ्यासिकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये एक प्रश्न हमखास विचारला जातो, "तुझी कॅटेगरी कोणती?" समोरचा ऐटीत सांगतो, "ओपन!" आडनाव विचारून जे कळायचं, ते आता एका इंग्रजी शब्दात कळतं. जात सांगितलीही आणि जातीचं नावही घ्यावं लागलं नाही.

ओपन म्हणजे खुलं. सर्वांसाठी खुलं. पण आपल्याकडे याचा अर्थ नेमका उलटा झाला आहे, ओपन म्हणजे सवर्णांचा राखीव कोटा! आपला मुलगा त्या यादीत आला की ओरड सुरू, "यांना कोटा आहे ना, मग आमच्या जागा कशाला?" 'तुमच्या' जागा? संविधानाच्या कोणत्या कलमात लिहिलंय ते?

१९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने स्पष्ट केलं की, खुल्या स्पर्धेत गुणवत्तेवर निवडलेला मागासवर्गीय उमेदवार राखीव कोट्यात मोजायचा नाही. तरीही उत्तर प्रदेशच्या पोलीस भरतीत, सर्वसाधारण यादीतल्या शेवटच्या महिलेपेक्षा जास्त गुण असलेल्या ओबीसी मुली बाहेर राहिल्या! १८ डिसेंबर २०२० रोजी सौरव यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना न्याय दिला आणि सांगितलं की, ओपन हा कोटा नाही, तो सर्वांना खुला आहे. मुंबई उच्च न्यायालयाची आधीची भूमिकाही त्यात योग्य ठरली.

आणि 'ओपन' म्हणजे आरक्षण न घेणारा, हेही खोटं. २०१९ पासून ईडब्ल्यूएसचं १० टक्के आरक्षण आहे. त्यातून एससी, एसटी, ओबीसी वगळलेले आहेत. ते प्रमाणपत्र खिशात ठेवून 'आम्ही ओपनवाले' म्हणणाऱ्यांनी मेरिटचे धडे देऊ नयेत. परळच्या चाळीत राहून भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा कोणता कोटा होता?

मित्रांनो, नुकसान आपल्याच तोंडच्या शब्दाने होतं. 'ओपनमधून आपलं होत नाही' असं आपणच म्हणू लागलो की त्या जागांवरचा हक्क आपण आपणहून सोडला. म्हणून निकाल लागला की ओपनचा कटऑफ आधी बघा. गुण जास्त असूनही नाव राखीव यादीत टाकलं असेल, तर लेखी हरकत घ्या, माहिती अधिकारात यादी मागा. वय किंवा गुणांची सवलत घेतली असेल तर नियम वेगळा असू शकतो. जाहिरात नीट वाचा. कारण आपला एक जण हक्काने ओपनमध्ये गेला, की राखीव यादीतल्या दुसऱ्याला जागा मिळते.

आणि कुणी ऐटीत "मी ओपन" म्हणालं, तर सांगा, "मीसुद्धा!"

जय भीम! जय संविधान!