ओझोन पिकतो इथे, साठतो तिथे

हैदराबादेत हिमायतनगरला माझी अक्का राहते. तिचा मुलगा कॅनडात, एडमंटनला. "ओझोनला भोक तिकडंच पडलंय म्हणे. त्याला बिसिलुत हिंडू नको म्हणून सांग," असं ती मला वारंवार बजावते. भूगोल शिकवणाऱ्या भावाला ही कामं असतातच! पण गोष्ट बरीचशी उलटी आहे.

ओझोन डॉबसन एककांत मोजतात. डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाला आणून पसरला, तर 100 एककांचा थर एक मिलिमीटर जाड भरतो. हैदराबादवर वर्षभर साधारण 250 ते 280 एककं असतात. एडमंटनवर मार्च-एप्रिलात आकडा 400च्या आसपास जातो.

गंमत म्हणजे ओझोन तयार होतो तो मुख्यतः आपल्याच उष्ण पट्ट्यावर, कडक उन्हामुळे. उंचावरचे वारे हिवाळाभर तो उत्तरेला वाहून नेतात. पीक आपलं, कोठार त्यांचं! वसंतात ते भरतं, मग ओसरत ऑक्टोबरात 300च्या जवळ येतं. उत्तरेतही सगळीकडे सारखं माप नाही. पूर्व सायबेरिया आणि ईशान्य कॅनडावर साठा जास्त, उत्तर अटलांटिकवर कमी. शिवाय हवामान बदललं की दोन-चार दिवसांत पन्नासेक एककांचा फरक पडतो. आपल्याकडे वर्षभरातही एवढा पडत नाही.

म्हणजे पातळ छत्री अक्काच्या डोक्यावर आहे, आणि सूर्यही माथ्यावर. एप्रिलात भर दुपारी गच्चीवर पापड घालते तेव्हा अतिनील निर्देशांक 11च्या वर असतो. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झालाय. अतिनील किरणांनी तो वाढतो हे डॉक्टर सांगतात. पापड सकाळी आठला घाल, एवढंच माझं म्हणणं. भाच्याला गॉगल हवा तो बर्फासाठी. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो.

अक्काची भीती अगदीच निराधार नाही, हेही खरं. 2020च्या वसंतात उत्तर ध्रुवाजवळ काही ठिकाणी ओझोन 220 एककांच्या खाली गेला होता. त्या हिवाळ्यात वरची हवा फार थंड राहिली, तिथे विशिष्ट ढग बनले आणि जुन्या फ्रिज-स्प्रेंतल्या वायूंमधल्या क्लोरीनने ओझोन खाल्ला. उलट मार्च 2024मध्ये तिथला ओझोन 1979पासूनच्या नोंदींत सर्वाधिक होता, कारण वाऱ्यांनी भरभरून आणून टाकला. 1987च्या मॉन्ट्रियल करारानंतर ते वायू घटताहेत. पण त्यांतला एक वायू हवेत शंभरेक वर्षं टिकतो, त्यामुळे एखादा फार थंड हिवाळा आला की 2020सारखं पुन्हा घडू शकतं.