'कमांडो' छाप चाकू आणि खिशातला खरा चाकू

पठाणकोट असो, जोधपूर असो नाहीतर तेजपूर, छावणीच्या गेटबाहेर एक दुकान ठरलेलं असतं. बूट, बेल्ट, नावाच्या पट्ट्या, काळ्या ट्रंका आणि काचेच्या कपाटात चाकू. काळं पातं, मुठीवर कॅमोफ्लाज, वेष्टनावर 'कमांडो', 'आर्मी' नाहीतर 'मिलिटरी ग्रेड'. सुट्टीवर निघालेला पोरगा धाकट्या भावासाठी हमखास तोच उचलतो. गावाकडून फोन येतात तेही असेच, "दादा, तुमच्यात वापरतात तसला एक चाकू आणा."

तर मंडळी, एकदाच स्पष्ट सांगतो. तसला चाकू आमच्यातला जाणता माणूस वापरत नाही. तुम्हीही घेऊ नका.

आधी त्या शिक्क्याचं बघू. चाकूच्या बाबतीत 'मिलिटरी ग्रेड' नावाचं कुठलंही मानक नाही. फौजेत वस्तू येते ती लिखित स्पेसिफिकेशनप्रमाणे, तपासणी होऊन, आणि त्यात बसणाऱ्यांपैकी सर्वात कमी दराच्या निविदेवर. वेष्टनावरचे ते दोन शब्द यातलं काहीच सांगत नाहीत. शाईला जेवढा खर्च आला तेवढीच त्यांची किंमत. आमच्या वर्दीवर लोकांचा विश्वास आहे, म्हणून कुणीतरी ती वर्दी पत्र्याला चढवून विकतोय.

दुसरी फसवणूक आकड्यांची. '11 इन 1', '18 इन 1', '30 इन 1'. जेवढी अवजारं जास्त तेवढा चाकू भारी, असा हिशेब. सैनिकासाठी मुद्दाम केलेला सगळ्यात प्रसिद्ध चाकू स्विस फौजेचा. त्यात सुरुवातीला किती अवजारं होती? चार. पातं, डबा उघडायचं हत्यार, स्क्रू ड्रायव्हर आणि आरी. 1889 ची त्यांची नवी रायफल खोलायला स्क्रू ड्रायव्हर लागायचा आणि रेशन डब्यात यायला लागलं होतं. ही दोन कामं समोर ठेवून चाकू ठरला आणि 1891 मध्ये जवानांच्या हातात गेला. बूच काढायचा स्क्रू 1897 च्या 'ऑफिसर' चाकूत आला, आणि तो चाकू सरकारी वाटपात नव्हताच, अधिकारी पदरच्या पैशांनी घ्यायचे. ब्रिटिश फौजेचा जुना क्लास्प नाइफ घ्या. पातं, टिन ओपनर आणि दोराच्या गाठी सोडवायचा जाड सुया. तीनच वस्तू. आधी काम ठरलं, मग अवजार. दुकानातल्या चाकूत उलटं असतं. आधी आकडा ठरतो, मग जागा भरतात.

चौदा वर्षांत खिशातल्या चाकूने मी काय केलं ते सांगतो. रेशनचे डबे उघडले, दोर कापला, फील्ड टेलिफोनच्या तारेवरचं आवरण सोललं, पिट्ठूचा तुटलेला पट्टा आरीने भोक पाडून शिवला, जेरिकॅनचं घट्ट बसलेलं झाकण काढलं, टॉर्चचे आणि चष्म्याचे स्क्रू आवळले, राजस्थानात किकरचे काटे आणि अरुणाचलात बांबूचे कूस चिमट्याने काढले, पट्टी कात्रीने कापली आणि लंगरमध्ये कांदा चिरला. मोजून सात-आठ प्रकारची कामं. पातं, टिन ओपनर, दोन स्क्रू ड्रायव्हर, आरी, कात्री, चिमटा आणि कधीमधी पक्कड यात ती सगळी बसतात. माशाचे खवले काढायचं हत्यार आजवर उघडलेलं नाही.

जास्तीची अवजारं नुसती बिनकामाची असती तर मी गप्प बसलो असतो. पण स्वस्त चाकूत 20 अवजारं बसवायची तर प्रत्येक पत्रा पातळ करावा लागतो, आणि सगळे ज्या खिळीवर फिरतात तिच्यावरचा भार वाढतो. पहिल्यांदा सैल होतो तो सांधा. आणि सांधा सैल झाला की हात कापतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पोस्टवर बावीस वर्षांचा एक जवान असल्याच चाकूने दुधाचा डबा उघडत होता. टिन ओपनर वाकला, म्हणून त्याने पात्याचं टोक खुपसलं. टोक अडकलं, खटका सुटला आणि पातं त्याच्याच उजव्या तर्जनीवर मिटलं. कंडरा तुटली. एमआय रूममध्ये रक्त थांबवलं, पण ऑपरेशनला खाली हॉस्पिटलमध्येच न्यावं लागलं. ते बोट आज पूर्ण वळत नाही. उजवी तर्जनी म्हणजे ट्रिगरचं बोट. मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि कोर्सला लागलेलं नाव गेलं. डबा पात्याने उघडायचा नसतो हे खरंच, पण टिन ओपनर टिनला वाकत असेल तर तो कशासाठी दिला होता? आणि हे सगळं ज्या चाकूने झालं त्यावर 'आर्मी' लिहिलेलं होतं.

मग टिकाऊ चाकू ओळखायचा कसा? हल्ली पोरं पोलादाची नावं पाठ करून येतात. नाव महत्त्वाचं आहे, पण त्याहून महत्त्वाचं आहे त्याला दिलेलं पाणी. गावचा लोहार विळ्याला पाणी कसं देतो त्यावर विळ्याची धार ठरते, तेच इथेही लागू. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं साधारण 56 रॉकवेल कठीण असतं. फार कठीण नाही. धार लवकर जाते पण साध्या दगडावर दहा मिनिटांत परत येते, आणि पातं तुटण्याआधी वाकतं. पोस्टवर मला तेच हवं. फार कठीण पोलादाची धार महिनोन्‌महिने टिकते, पण गेली की ती लावायला हिऱ्याचा दगड कुठून आणणार? आणि सायकलवर चाक घेऊन येणाऱ्याकडे चाकू देऊ नका. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा पातं तापतं आणि पाणी उतरतं. मग ते कितीही नामी पोलाद असो.

पाणी दुकानात दिसत नाही. सांधा मात्र दिसतो, म्हणून काउंटरवरच पाच गोष्टी करून बघा. पातं उघडून डावी-उजवीकडे हलकं हलवा, खेळ जाणवला तर परत ठेवा. प्रत्येक अवजार उघडताना आणि मिटताना 'टक' असा ठाम आवाज यायला हवा. लॉक असेल तर पातं उघडून, बोटं मिटण्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, पात्याची पाठ लाकडी फळीवर दाबा, लॉक सरकता कामा नये. स्क्रू ड्रायव्हरचं टोक एखाद्या खऱ्या स्क्रूच्या खाचेत बसवून बघा, गोलसर असेल तर ते शोभेचं. पक्कड असेल तर मिटून उजेडासमोर धरा, टोकाशी फट दिसली तर काटा किंवा बारीक तार तिच्यात धरली जाणार नाही. दुकानदार हात लावू देत नसेल तर उत्तर तुम्हाला मिळालंच.

पकडीचा मुद्दा निघालाच आहे. पक्कडवाला मल्टिटूल ही चांगली कल्पना. टिम लेदरमन नावाच्या अमेरिकन माणसाने 1975 मध्ये युरोपात जुनी फियाट दुरुस्त करत फिरताना खिशातल्या चाकूला पक्कड हवी असं ठरवलं, आणि 1983 मध्ये पहिला माल विकला. मजबूत वस्तू आहे, 25 वर्षांची हमी आहे. पण त्याचा वेव्ह हा मॉडेल साधारण 240 ग्रॅमचा. साधा, 91 मिलिमीटरचा स्विस चाकू 60 ग्रॅमच्या आसपास. सिग्नलवाला, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन यांनी पक्कडवाला जरूर घ्यावा, त्यांचा दिवस पकडीवर जातो. बाकीच्यांचा तो आठवड्यात खिशातून ट्रंकेत जातो. ट्रंकेतला चाकू कितीही चांगला असला तरी गरजेच्या वेळी जवळ नसतो.

"साहेब, हे सगळं महाग पडतं." पडतं. पण दोनशेचा चाकू दर सहा महिन्यांनी घेणारा माझ्यापेक्षा जास्त खर्च करतो आणि वर बोट पणाला लावतो. पैसे खरंच नसतील तर मल्टिटूल घेऊच नका. आमच्या नाशिकला बनणारी तापडियाची पक्कड, एक चांगला स्क्रू ड्रायव्हर आणि लाकडी मुठीचा साधा घडीचा चाकू घ्या. तीन वस्तू तीन ठिकाणी राहतील, पण तिन्ही काम करतील.

"जवळ असलेला बरा, वेळप्रसंगी उपयोगी पडतो" असंही म्हणतात, आणि आवाज जरा खाली करून म्हणतात. त्यांना माझं उत्तर कडक आहे. हत्यार चालवायचं प्रशिक्षण मी घेतलंय, म्हणून सांगतो, भांडणात खिशातला चाकू काढणारा एकतर रुग्णालयात जातो नाहीतर तुरुंगात. 'कमांडो' चाकू याच मनोवृत्तीला विकला जातो. शस्त्र कायद्याच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून. दिल्लीत बटणाचा, स्प्रिंगचा चाकू 7.62 सेंटिमीटर लांब आणि 1.72 सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठा असेल तर त्यावर कायद्याची बंधनं आहेत. लाल मुठीचा छोटा चाकू दाखवला तर हवालदार फार तर हसेल. काळं, दातेरी, झटक्यात उघडणारं पातं दाखवून तुम्ही कांदा चिरता हे त्याला पटवून द्या बघू! विमानात मात्र दोन्ही चेक-इनच्या सामानातच, हँडबॅगेत नाही.

निवड पोस्टिंगवरही ठरते. लडाखच्या थंडीत जाड हातमोज्यांनी नखाची खाच सापडत नाही, तिथे अंगठ्याने उघडणारं, लॉक असलेलं पातं घ्या, आणि तेल पातळ वापरा, जाड तेल गोठतं. वाळवंटात तेल कमीत कमी, नाहीतर सांध्यात वाळूचा लगदा होतो. गरम साबणाच्या पाण्यात उघडझाप करायची, पूर्ण वाळवायचं, सांध्याला एक थेंब. ईशान्येत आणि किनाऱ्यावर चामड्याचं पाऊच नको. त्याला बुरशी येते आणि आतल्या ओलीने स्टेनलेसलाही डाग पडतात. रायफल साफ करताना तेलाची तीच चिंदी पात्यावरून फिरवली की दोन मिनिटांचं काम.

तेव्हा पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा "तुमच्यात वापरतात तसला" म्हणू नका. तुम्हाला रोज काय कापायचं, काय उघडायचं आणि काय आवळायचं असतं ते सांगा. त्यातून जेवढी अवजारं निघतील तेवढीच बघू. आणि गेटबाहेरच्या त्या कपाटासमोर उभ्या असलेल्या नव्या पोरांनो, पगार तुमचा आहे, बोटंही तुमचीच आहेत. पातं उघडा, हलवून बघा, आणि हललं तर कपाटात परत ठेवून पुढे चला.