असईची लढाई : जिंकणाऱ्याने काय लिहिलं, तेही शिकवूया



मराठी सत्ता का संपली? मुलांचं उत्तर पाठ असतं : इंग्रजांकडे आधुनिक शस्त्रं आणि कवायती फौज होती. आपणही बरोबरची खूण करून मोकळे होतो. माझ्या मते हे उत्तर अर्धवट आहे, आणि याचे साक्षीदार खुद्द इंग्रज सेनापतीच आहेत.

आपल्या मराठवाड्यातलं, जालना जिल्ह्यातलं असई घ्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला. जिंकला, पण त्याचे दीड हजारांहून जास्त सैनिक मेले किंवा जखमी झाले. शिंद्यांच्या तोफा आणि पायदळ उत्तम होतं, असं त्यानेच पत्रांत लिहिलं. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवूनही तो असईचीच लढाई आपली सर्वोत्तम मानत असे. उत्तरेत लासवारीला जनरल लेकनेही शिंद्यांच्या पलटणींचं शौर्य मान्य केलं. म्हणजे तोफा होत्या, कवायतही होती. महादजींनी द बॉइनकडून तशी फौज उभी करून घेतली होती.

मग कमी काय पडलं? थोडं मागे जाऊ. १८०१ मध्ये पुण्यात विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं गेलं. २५ ऑक्टोबर १८०२ ला त्यांचे भाऊ यशवंतराव यांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांच्या फौजेला हरवलं. दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. असईला शिंदे-भोसले लढत होते तेव्हा होळकर बाजूला होते; १८०४ मध्ये होळकर लढले तेव्हा बाकीच्यांनी तह केलेला होता. त्यात शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना इंग्रजांनी युद्ध सुरू होताच पगाराचा शब्द देऊन फोडलं. आपल्या भांडणाची फट त्यांनी बरोबर हेरली होती.

वर्गात फळ्यावर दोन रकाने करा : ‘शत्रूला आपलं काय चांगलं दिसलं?’ आणि ‘त्याने कोणती फट हेरली?’ मग मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : जिंकणारा हरलेल्याचं कौतुक का करतो? खरंच वाटतं म्हणून, की आपला विजय मोठा दिसावा म्हणून? मुलं यावर वाद घालतील. घालू द्या. पुरावा तपासायची सवय अशीच लागते.

पालकांनो, अजिंठ्याची सहल काढाल तेव्हा असईलाही जाऊन या. पराभव समजून घेण्यात कमीपणा नाही. कारण न शोधता उत्तर पाठ करण्यात मात्र नक्कीच आहे.