अपिलाचा वकील सरकारचा, प्रवासाचा खर्च कोणाचा?

पांढुर्ण्याहून नागपूर शंभर किलोमीटरांच्या आत आहे. जबलपूर तीनशेच्या घरात. सौंसरहून तर नागपूर आणखी जवळ. संत्र्याच्या पेट्या, मोठ्या आजाराचा रुग्ण, महाविद्यालयात शिकणारी मुले, लग्नाची खरेदी या साऱ्यांची वाट दक्षिणेला नागपूरकडे वळते. सत्र न्यायालयाने सुनावलेल्या शिक्षेविरुद्धचे अपील मात्र उत्तरेला, जबलपूरकडे जाते. ज्याच्या घरी पैसा आहे, तो हे अंतर मोटारीने कापतो आणि पसंतीचा वकील लावतो. ज्याच्याकडे नाही, त्याला राज्य वकील देते. त्या वकिलाने घालवलेल्या वेळेचा आणि केलेल्या खर्चाचा मोबदला कसा मोजला जातो, या वरवर रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नावर त्या कैद्याच्या अपिलाचे भवितव्य बऱ्याच अंशी अवलंबून असते.

पांढुर्णा-सौंसरच्या वाट्याला हे अंतर इतिहासाने आणले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी नागपूर होती आणि १९३६ मध्ये स्थापन झालेले उच्च न्यायालयही तेथेच होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला. छिंदवाडा जिल्ह्याचा हा दक्षिणेकडील मराठीभाषक पट्टा मध्य प्रदेशात राहिला. नागपूरचे उच्च न्यायालयच कायद्याने मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय ठरले आणि त्याचे मुख्यपीठ जबलपूरला गेले. नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. परंतु त्याची हद्द राज्याच्या सीमेपाशी संपते. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा हा मध्य प्रदेशाचा पंचावन्नावा जिल्हा झाला. जिल्हाधिकारी जवळ आले; उच्च न्यायालय होते तेथेच राहिले.

अधिकार निर्विवाद, मोबदला मोघम

गरीब कैद्याला अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे, याविषयी कायद्यात आता वाद उरलेला नाही. त्याचा पाया एका महाराष्ट्राच्याच प्रकरणात घातला गेला. विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने एका प्राध्यापकाची शिक्षा वाढवून तीन वर्षांची केली. सर्वोच्च न्यायालयात तो चार वर्षांहून अधिक विलंबाने पोहोचला. निकालाची प्रत त्याच्या हाती पडल्याचा पुरावा तुरुंगाकडे नव्हता. माधव होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या निकालात न्या. कृष्णा अय्यर यांनी त्याची विनंती फेटाळली, पण तत्त्व मात्र कायमचे नोंदवून ठेवले. कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळावी; त्याला वकील करणे शक्य नसेल तर न्यायालयाने तो नेमावा; आणि ज्या राज्याने खटला भरून त्याचे स्वातंत्र्य हिरावले, त्याच राज्याने त्या वकिलाला न्यायालय न्यायबुद्धीने ठरवील ती रक्कम द्यावी, असे तिचे तीन भाग आहेत. पहिल्या दोन भागांची चर्चा पुष्कळ झाली. तिसरा भाग, म्हणजे न्यायबुद्धीने ठरवलेली रक्कम, पुढच्या काळात दरपत्रकांच्या रकान्यांत हरवला.

मध्य प्रदेश या बाबतीत मागे होता, असे म्हणता येणार नाही. घटनेत ४२ व्या दुरुस्तीने मोफत विधी साहाय्याचे कलम ३९-अ समाविष्ट झाले त्याच १९७६ साली या राज्याने दुर्बल घटकांच्या विधी साहाय्यासाठी स्वतंत्र कायदा केला. १९८७ चा केंद्रीय विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना त्याखाली मोफत वकील मिळतो. म्हणजे तुरुंगातून अपील करणाऱ्याला उत्पन्नाचा दाखलाही आणावा लागत नाही.

तरीही याच राज्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला २०१२ मध्ये पुन्हा तेच सांगावे लागले. राजू ऊर्फ रमाकांत विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात आरोपीचा वकील हजर नसतानाच उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल दिला होता. विधी साहाय्याच्या दृष्टीने खटला आणि अपील यांत भेद करता येत नाही, असे स्पष्ट करून न्या. ए. के. पटनाईक आणि न्या. मदन लोकूर यांच्या खंडपीठाने ते अपील फेरसुनावणीसाठी परत पाठवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हे तत्त्व थेट कलमात आणले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३०४ सत्र न्यायालयातील खटल्यापुरतेच बोलत होते. नव्या संहितेचे कलम ३४१ खटला किंवा अपील असे दोन्ही शब्द वापरते. वकिलांची निवड, त्यांना द्यायच्या सुविधा आणि त्यांची फी यांविषयी राज्य सरकारच्या पूर्वमान्यतेने नियम करण्याचा अधिकारही तेच कलम उच्च न्यायालयाला देते. खरा प्रश्न येथून सुरू होतो.

एकरकमी फीचे गणित

विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरील वकिलाला फी मिळते ती सामान्यतः प्रकरणामागे किंवा टप्प्यामागे: अर्ज दाखल करण्याचे इतके, सुनावणीचे इतके, आणि एकूण रकमेवर मर्यादा. तासांचा हिशेब त्यात नसतो. या पद्धतीचे फायदे उघड आहेत. अंदाजपत्रक आखता येते, देयक तपासणे सोपे जाते, फुगवलेल्या बिलांना वाव राहत नाही. परंतु तिचा दोषही त्याच साधेपणात आहे. दहा तास वाचन करणाऱ्यालाही तेवढीच रक्कम आणि चाळीस तास वाचन करणाऱ्यालाही तेवढीच. मग जास्त वाचणे हा वकिलाचा वैयक्तिक दानधर्म ठरतो.

अपिलात तर वाचन हेच मुख्य काम असते. तेथे साक्षीदार पुन्हा उभे राहत नाहीत. साक्षी, उलटतपासणी, पंचनामे, वैद्यकीय आणि न्यायसाहाय्यक प्रयोगशाळेचे अहवाल अशी शेकडो पाने धुंडाळून पोलिसांसमोरचा जबाब आणि न्यायालयातील साक्ष यांतील विसंगती शोधावी लागते. जप्त वस्तू कोणत्या तारखेला कोणाच्या ताब्यात होती, यासारख्या एका ओळीवर जन्मठेप टिकते किंवा उलटते. ती ओळ सुनावणीच्या आदल्या रात्री सापडत नाही.

पांढुर्णा-सौंसरच्या अपिलात यापुढे आणखी काही थर येतात. पहिला भाषेचा. साक्षीदार आणि आरोपी बोलतात ती वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी. नोंद होते हिंदीत. जबलपूरला युक्तिवाद आणि निकालपत्र यांत इंग्रजीचे वजन मोठे. एखाद्या शब्दाचा अर्थ दोन भाषांतरांत बदलला आहे का, हे पाहण्यासाठी ती बोली समजणाऱ्या माणसाशी बसावे लागते. दुसरा थर भेटीचा. अपील नोंदींवर चालते हे खरे. पण काय विचारायचे राहून गेले, हे कैदी आणि त्याचे कुटुंबच सांगू शकते. तिसरा थर शिक्षा स्थगितीचा. अपील प्रलंबित असताना जामीन मंजूर झालाच, तर जामीनदार उभा करायचा तो गावातला, शेताची ऋणपुस्तिका आणायची ती तालुक्यातून आणि जामीनपत्र भरायचे ते मूळ न्यायालयात. आदेश जबलपूरचा, अंमलबजावणी पांढुर्ण्याची. या दोहोंमधील फोन, टपाल, नकला आणि फेऱ्या यांसाठी दरपत्रकात सहसा वेगळा रकाना नसतो. तेव्हा हे पैसे एक तर वकिलाच्या खिशातून जातात, नाही तर ते काम होतच नाही. तिसरी वाट बेकायदा आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमावलीनुसार पॅनेलवरील वकिलाला पक्षकाराकडून कोणत्याही स्वरूपात पैसे घेता येत नाहीत, आणि हा निर्बंध योग्यच आहे. परंतु निर्बंध घालणाऱ्याने रास्त खर्चाची सोय केली नाही, तर प्रामाणिक वकिलाचीच कोंडी होते.

याचा परिणाम कोणाला जाणूनबुजून करावा लागत नाही. ज्याचे घर, कागद आणि बोली उच्च न्यायालयापासून सर्वांत दूर, त्याचे प्रकरण वकिलाला सर्वांत महाग पडते. आणि फी सर्वांना सारखीच असल्याने सर्वांत कमी वेळही त्याच्याच वाट्याला येतो. समान दर येथे समान न्याय देत नाही.

गोव्याहून पाहताना

गोव्यातील वाचकाला हे अंतर सहज जाणवणार नाही. १९८२ पासून गोव्याला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. पेडण्याचा असो वा काणकोणचा, अपीलकर्त्याचा नातेवाईक सकाळी निघून पर्वरीत वकिलाला भेटतो आणि दिवेलागणीला घरी परततो. कोलवाळचे मध्यवर्ती कारागृहही पर्वरीपासून दूर नाही. शेजारच्या सिंधुदुर्गाला मात्र ऑगस्ट २०२५ पर्यंत मुंबई गाठावी लागे. कोल्हापूरचे फिरते खंडपीठ सुरू झाले आणि सिंधुदुर्ग, रत्नागिरीसह सहा जिल्ह्यांचे ते अंतर घटले. त्या मागणीमागचा सर्वांत जुना युक्तिवाद पक्षकाराच्या खर्चाचाच होता. पांढुर्ण्यासाठी नवे खंडपीठ होण्याची शक्यता दिसत नाही आणि राज्याची सीमा ओलांडून नागपूरला अपील नेता येत नाही. म्हणून तेथे अंतराची भरपाई करण्याचे साधन एकच उरते: वकिलाच्या मोबदल्याची रचना.

गुणवत्तेचे निकष न्यायालयांनी दरम्यान उंचावले आहेत. मध्य प्रदेशातीलच खंडव्याच्या एका खटल्यात आरोप निश्चित झाले त्याच दिवशी वकील नेमला गेला आणि तेथून तेरा दिवसांत निकाल लागला. उच्च न्यायालयाने कायम केलेली फाशीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. पुढे आरोपी २०२४ मध्ये निर्दोष सुटला. न्या. उदय लळीत यांच्या खंडपीठाने तेव्हा निकष घालून दिले: जन्मठेप किंवा फाशी होऊ शकणाऱ्या प्रकरणात किमान दहा वर्षे वकिली केलेलाच न्यायमित्र असावा आणि त्याला तयारीसाठी साधारणपणे किमान सात दिवस मिळावेत. पॅनेलवर येण्यासाठी मात्र नियमावलीची अपेक्षा साधारण तीन वर्षांच्या अनुभवाची आहे. दहा वर्षांचा अनुभव मागायचा आणि मोबदला नवख्याचा ठेवायचा, ही विसंगती निकालपत्राने मिटत नाही. ती वित्त विभागाच्या मंजुरीनेच मिटेल.

पगार, तास आणि तिजोरी

एक उपाय देशाने जिल्हा पातळीवर स्वीकारला आहे. २०२२ च्या योजनेनुसार विधी साहाय्य बचाव पक्ष वकिलांची पगारी, पूर्णवेळ कार्यालये अनेक जिल्ह्यांत उभी राहिली. खासगी वकिली न करता ते केवळ अशीच फौजदारी प्रकरणे चालवतात. ही रचना प्रामुख्याने सत्र न्यायालयापर्यंतची आहे. उच्च न्यायालयातील अपील अद्याप मुख्यतः प्रकरणनिहाय फीवरच चालते.

दुसरी पद्धत अमेरिकेच्या संघीय न्यायालयांची. १९६४ च्या कायद्याखाली तेथे नेमलेला वकील अपिलातही तासाच्या दशांशापर्यंत कामाची नोंद ठेवतो. प्रवास, नकला, दुभाषी यांचा खर्च वेगळा मागतो. प्रकरणामागे कमाल मर्यादा असते, पण गुंतागुंतीच्या प्रकरणात कारणे नोंदवून ती वरिष्ठ न्यायाधीशांच्या मान्यतेने ओलांडता येते. २०२५ मध्ये हा दर तासाला १७५ डॉलर होता. मात्र त्याच वर्षी जुलैत या कामाचा निधी संपला आणि झालेल्या कामाचे पैसे नव्या आर्थिक वर्षापर्यंत अडकले. इंग्लंडमध्ये २०२२ साली विधी साहाय्याच्या अपुऱ्या फीवरून फौजदारी वकिलांनी बेमुदत काम बंद ठेवले. १५ टक्के वाढीच्या तडजोडीनंतर ते ऑक्टोबरात परतले. चांगली पद्धत आखणे पुरेसे नसते, तिच्या मागे तरतूद उभी असावी लागते, असाच या दोन्ही अनुभवांचा अर्थ आहे.

तासांचा दर लावला तर बिले फुगतील, ही शंका अनाठायी नाही. परंतु तिला उत्तर देता येते. मूळ फी ठरावीक ठेवून खर्चाचे शीर्षक तिच्यापासून वेगळे करता येईल. मूळ न्यायालय आणि उच्च न्यायालय यांतील अंतर, नोंदींची पाने आणि भाषांतराची गरज या तीन गोष्टी कोणालाही मोजता येतात. त्यांवर वाढीव रक्कम ठरवली तर मनमानीला जागा राहत नाही. अपील निकाली निघायला अनेक वर्षे लागू शकतात. तेव्हा फीचा एक हिस्सा नेमणुकीबरोबर, दुसरा लेखी मुद्दे सादर केल्यावर आणि उरलेला सुनावणीनंतर दिला, तर निकालापर्यंत वाट पाहण्याची वेळ येणार नाही. कारागृहातील दूरदृश्य भेटीची वेळ निश्चित करून तिची नोंद देयकाला जोडता येईल. यासाठी संसदेकडे जाण्याचेही कारण नाही. कलम ३४१ खालील नियम उच्च न्यायालयाने करायचे आहेत आणि मान्यता राज्य सरकारने द्यायची आहे.

सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत साधारण साठ दिवसांची आहे. फाशीच्या बाबतीत तीसच. पांढुर्ण्याच्या एखाद्या शेतमजुराच्या घरी निकालाची नक्कल पोहोचेपर्यंत त्यातले किती दिवस सरलेले असतात, हे त्या घरालाच ठाऊक. राज्य त्याला वकील देते, हे खरे आहे आणि महत्त्वाचेही. पण वकीलपत्रावर नाव असणे वेगळे आणि कागदपत्रांवर नजर फिरलेली असणे वेगळे. पहिले आदेशाने होते. दुसऱ्याला वेळ लागतो, आणि त्या वेळेची किंमत १९७८ मध्ये मान्य झाली असली तरी दरपत्रकात ती अजून उतरायची आहे.